पंचगंगेचा आकाशदीप
काशीच्या घाटांवर कार्तिकमास

आज त्रिपुरी पौर्णिमा. आश्विन पौर्णिमेस आरंभिलेले कार्तिकस्नान आज पूर्ण होते, पहाटेच्या काकड्याची आज समाप्ती होते, आणि तिन्हीसांजेला तुळशीवृंदावनापासून शिवालयाच्या दीपमाळेपर्यंत सर्वत्र त्रिपुर पाजळला जातो. महिनाभर दारी लावलेला आकाशकंदील आता उतरावयाचा, या विचाराने मुलेबाळे थोडी हिरमुसतात. हा आकाशकंदील आपण का लावतो, असे त्यांनी विचारले तर बहुतेक घरांतून ‘दिवाळीची शोभा म्हणून’ एवढेच उत्तर मिळेल. त्याचे खरे उत्तर काशीस, गंगेच्या एका घाटावर, वेळूच्या टोकाशी टांगलेल्या करंडीत तेवत असते. ते उत्तर शोधण्यास आम्हांस चोवीस वर्षे लागली. त्याची हकीकत सांगावी, आणि त्या निमित्ताने काशीच्या घाटांवर काय पाहावे, काय करावे, हेही वाचकांच्या कानी घालावे, म्हणून आजचा हा लेखनप्रपंच.

आम्ही पैठणचे. गोदावरीच्या काठी कीर्तन करावे, चार मुलांस संस्कृत शिकवावे, हा आमच्या घरचा दोन पिढ्यांचा व्यवसाय. आमचे वडील कीर्तनकार होते. ते तरुणपणी, १९५१ साली, आपल्या गुरूंसमवेत काशीस गेले आणि अख्खा कार्तिकमास तेथे राहिले. पुढे आयुष्यभर कार्तिक लागला की ते एकच गोष्ट सांगत : ‘पंचगंगेवर गुरूंनी नाथांच्या नावाने आकाशदीप चढविला, दोरी आम्ही ओढली.’

१९९४ च्या कार्तिकात आम्हांस काशीचा योग आला. एका यात्रा कंपनीबरोबर आम्ही गेलो. मुक्काम दोन रात्रींचा. विश्वेश्वराचे दर्शन झाले, दशाश्वमेधावर स्नान झाले, सारनाथ झाले, आणि उरलेला सबंध अर्धा दिवस शालू-शेल्यांच्या एका दुकानात गेला. पंचगंगेचे नाव काढताच व्यवस्थापकाने घड्याळ दाखविले. आम्हीही फार आग्रह धरला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. घरी आलो, गंगेची कुपी वडिलांच्या हाती दिली. त्यांनी ती कपाळी लावली आणि विचारले, ‘आकाशदीप पाहिलास का?’ आम्ही मान खाली घातली. ते काही बोलले नाहीत. तीन वर्षांनी ते गेले. तो प्रश्न मात्र आमच्याजवळच राहिला.

पुढे २०१८ साली, कोणत्याही कंपनीवाचून, आम्ही सपत्नीक काशीस गेलो आणि दशमीपासून पौर्णिमेपर्यंत राहिलो. खाली जे लिहीत आहोत ते त्या मुक्कामातले आहे.

अर्धचंद्राकार तीर

प्रथम स्थळाची कल्पना असावी. दक्षिणेस असी आणि उत्तरेस वरणा, या दोन प्रवाहांमधली नगरी ती वाराणसी, अशी नावाची प्रसिद्ध व्युत्पत्ती आहे. या दोहोंच्या मध्ये गंगा सुमारे साडेसहा किलोमीटर अर्धचंद्राकार वळण घेते. हिमालयातून आलेली गंगा एरवी पूर्वेकडे धावते, पण येथे ती उत्तरवाहिनी होते. पश्चिमेचा काठ उंच व चुनखडीच्या कंकराने घट्ट झालेला आहे. वळणाचा बाहेरचा किनारा असल्यामुळे पात्र तेथे खोल राहते. म्हणून सगळी नगरी, सगळे घाट त्याच एका काठावर. समोरचा काठ वाळूचा आणि जवळजवळ मोकळा. याचा एक मोठा लाभ यात्रेकरूस होतो. घाटाच्या पायरीवर बसले की तोंड आपोआप पूर्वेकडे होते. प्रातःकाळी सूर्य समोरून, पाण्यावरून वर येतो, आणि पौर्णिमेच्या सायंकाळी सूर्य पाठीशी मावळत असता पूर्ण चंद्रही तसाच समोरून वर येतो. त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे काशीइतके कोठेच का शोभत नाहीत, याचे कारण या दिशेत आहे.

घाटांची संख्या परंपरेने चौऱ्यांशी सांगतात. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते तेव्हा यांपैकी बहुतेक पाण्याखाली जातात आणि घाटावरून घाटावर जाण्याची वाट बंद होते. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर साचलेला गाळ धुऊन काढावा लागतो. कार्तिकापर्यंत घाट मोकळे होतात, थंडी बेताची असते, म्हणून हाच मास उत्तम. असीपासून राजघाटापर्यंत पायीच जाता येते. थांबत, बसत गेल्यास सकाळ पुरत नाही. आमचे सांगणे असे की दोन सकाळी कराव्यात, आणि तिसऱ्या दिवशी नावेतून सगळा तीर एकदा दुरून पाहावा. पायी चालताना पायऱ्या दिसतात, नावेतून नगरी दिसते.

पहिली सकाळ : असी ते दशाश्वमेध

पहाटे असीघाटावर जावे. तेथे सूर्योदयापूर्वी गंगेची आरती व मंत्रपाठ होतो, मागून शास्त्रीय गायन-वादन होते. २०१४ पासून चालू झालेला हा परिपाठ आता तेथे रुळला आहे. शेजारीच तुलसीघाट. गोस्वामी तुलसीदासांचे उत्तरायुष्य येथे गेले आणि विक्रम संवत १६८० मध्ये, म्हणजे १६२३ साली, त्यांनी याच परिसरात देह ठेवला. कार्तिक शुद्ध चतुर्थीस या घाटावर ‘नागनथैया’ होते. पात्रात कदंबाची फांदी रोवतात, बाळकृष्ण झालेला मुलगा तिच्यावरून थेट गंगेत उडी घेतो आणि कालियाच्या फण्यावर उभा राहून वर येतो. तो क्षण डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर यात्रेची तिथी चार-सहा दिवस अलीकडे धरावी. आम्हांस तो योग आला नाही.

तुलसीघाटावर एका आधुनिक महापुरुषाचे स्मरण अवश्य करावे. संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र हे काशी हिंदू विश्वविद्यालयात जलशास्त्राचे प्राध्यापक होते. नित्य पहाटे ते गंगेत स्नान करीत आणि त्याच गंगेच्या पाण्याचे परीक्षण करून त्यात किती मैला मिसळला आहे, हेही जगास सांगत. १९८२ साली त्यांनी त्यासाठी संस्था काढली आणि २०१३ मध्ये देह ठेवीपर्यंत हे व्रत सोडले नाही. गंगेला माता म्हणावे आणि तिचे दुखणे मात्र लपवावे, ही कसली मातृभक्ती? महंतांनी माता म्हटले, म्हणून दुखणे उघड केले. घाटावर जे पाहावे ते डोळे उघडे ठेवून पाहावे, हा पहिला पाठ आम्हांस तेथे मिळाला.

लगतच्या भदैनीत लोलार्क कुंड आहे, आणि झाशीची राणी लक्ष्मीबाई हिचे जन्मस्थान म्हणून दाखविले जाणारे स्मारकही. तेथून पुढे हरिश्चंद्र घाट. सत्यासाठी डोंबाघरी राबलेल्या राजाचे नाव धारण करणारे हे स्मशान. येथे आवाज लहान करून, कॅमेरा पिशवीत घालून पुढे जावे. मग केदारघाट. गौरीकेदारेश्वराच्या या मंदिरात दक्षिण देशीच्या भाविकांची दाटी असते आणि पायऱ्यांवर तमिळ, तेलुगू, कानडी बोल कानी पडतात. पुढे नागपूर दरबारचे श्रीधर नारायण मुनशी यांच्या नावाचा मुनशी घाट, आणि त्याच्या शेजारी अहिल्याबाईंचा घाट. १७८० साली विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या या साध्वीचे ऋण काशी अजून विसरलेली नाही.

दशाश्वमेध हा या तीराचा मध्य. ब्रह्मदेवाने येथे दहा अश्वमेध केले, अशी काशीखंडातील कथा. आजचे पक्के बांधकाम पेशवे बाळाजी बाजीराव यांनी १७४८ साली करविले. येथील सायंकाळची भव्य आरती गेल्या तीन-साडेतीन दशकांत रूढ झाली आहे. ती पाहावी, अवश्य पाहावी. परंतु आमच्या मराठी यात्रेकरूंची काशी बहुधा येथेच सुरू होते आणि येथेच संपते, जशी आमची १९९४ साली संपली. वास्तविक आपल्या माणसांची काशी येथून पुढे, उत्तरेकडे आहे.

दुसरी सकाळ : आपल्या पूर्वजांची काशी

दशाश्वमेधाच्या लगत मानमंदिर. राजा मानसिंहाच्या या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधयंत्रे बसविली, ती पाहण्यास मिळतात. पंचांग मानणाऱ्या घराने ती डावलू नयेत. पुढे ललिताघाटावर लाकडी कोरीव कामाचे नेपाळी मंदिर आहे. २०२१ मध्ये विश्वनाथ धाम पूर्ण झाल्यापासून याच बाजूने गंगेतून विश्वेश्वरापर्यंत सरळ वाट झाली आहे. स्नान करून ओलेत्याने गंगोदक घेऊन देवापर्यंत जावे, ही जुन्या यात्रेकरूंची इच्छा आता पूर्वीपेक्षा सुकर झाली.

मग मणिकर्णिका. येथे चितेची आग विझत नाही. घाटाच्या वरच्या बाजूस चक्रपुष्करिणी कुंड आहे. विष्णूने आपल्या चक्राने ते खणले, तेथे तप केले आणि शंकराच्या कानातील मणी त्यात पडला, म्हणून हे नाव. वैकुंठ चतुर्दशीची कथाही येथलीच. मणिकर्णिकेत स्नान करून विष्णूने विश्वेश्वरास सहस्र कमळे वाहण्याचा संकल्प केला, एक कमळ उणे पडले, तेव्हा आपले नेत्रकमळ अर्पण करण्यास तो सिद्ध झाला. हरीने हराची पूजा करावी, हराने प्रसन्न होऊन हरीस चक्र द्यावे! शैव-वैष्णव भेदाचा निकाल या एका कथेत लागतो. कीर्तनात ती आम्ही शेकडो वेळा सांगितली होती. चतुर्दशीच्या पहाटे त्या कुंडापाशी उभे राहिलो तेव्हा मात्र शब्द फुटेना. एकीकडे कुंडात स्नान करणारे, आणि पन्नास पावलांवर कोणाच्या तरी आईला अग्नी देणारे. दोघेही त्याच पायऱ्यांनी खाली उतरले होते.

आता घाटांची नावे कान देऊन ऐकावी. बाजीराव घाट. शिंदे घाट, जो बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधविला. त्याचे वजन इतके झाले की काठ खचला आणि बांधकाम पाण्यात रुतले. शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर असेच कलले आहे. वर्षाचे बरेच महिने त्याचा गाभारा पाण्यात वा गाळात असतो. लोक त्यापुढे छायाचित्रे काढतात. आम्हांस तेथे एवढेच वाटले की माणूस कितीही जड दगड रचो, पाया गंगेच्या मर्जीचा आहे. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट आणि त्यावरील लक्ष्मीनारायणाचे मंदिर. मग रामघाट, बालाजी घाट. या बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईची साधना केली. पुढे २००१ साली भारतरत्न झालेला हा नादयोगी काशीची गंगा सोडून कोठे जावयास तयार नसे. आणि याच्या पलीकडे, पायऱ्यांची एक उंचच उंच रांग चढून गेलेला तो पंचगंगाघाट.

पाच नद्या, एक घाट

गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा येथे संगम मानतात. डोळ्यांस दिसते ती एकटी गंगा. काशीखंडात याची कथा आहे. वेदशिरा ऋषींची कन्या धूतपापा महातपस्विनी. धर्माने तिला वरण्याचा हट्ट धरला. ती म्हणाली, ‘पित्यास विचार.’ तो ऐकेना, तेव्हा तिने त्यास जड पाणी होण्याचा शाप दिला, त्याने तिला शिळा होण्याचा. पित्याला शाप मागे घेता येईना, पण त्याने तिला चंद्रकांत शिळा केले : चंद्र उगवताच पाझरावी आणि नदी होऊन वाहावी. तीच धूतपापा, आणि धर्म तो धर्मनद. पुढे मंगलागौरीपुढे तप करणाऱ्या सूर्याच्या घामातून किरणा निघाली, आणि भगीरथामागून गंगा आली ती यमुना-सरस्वतींस घेऊन. पूर्वजांच्या मुक्तीसाठी आणलेली गंगा जेथे तपस्विनीला मिळाली, तेथे कार्तिकस्नानाचे महत्त्व विशेष सांगितले आहे.

घाटावर बिंदुमाधवाचे स्थान. मूळचे भव्य मंदिर सतराव्या शतकात औरंगजेबाच्या काळी पाडले गेले आणि तेथे मशीद उभी राहिली. देव आज जवळच्या, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेल्या साध्या वास्तूत आहेत. शिखर नाही, पण कार्तिकात पहाटे तेथे जी दाटी असते ती शिखराची उणीव भासू देत नाही. रामानंदांचे स्थान, श्रीमठ, येथेच. पहाटेच्या अंधारात पायरीवर निजलेल्या कबीरास त्यांचा पाय लागला आणि मुखातून निघालेले रामनाम कबीराने गुरुमंत्र मानले, ती कथा याच पायऱ्यांची. दुर्गाघाट व ब्रह्माघाट हे शेजारचे घाट पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने झाले. या गल्ल्यांत आजही पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत. एका उंबऱ्यावर रांगोळी व तुळस पाहून आमच्या सौभाग्यवतीने सहज मराठीत हाक मारली, आणि आतून मराठीतच उत्तर आले.

पैठणकरांस तर हा परिसर माहेरासारखाच. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी प्रयाग, काशी व गया यांच्या यात्राविधीवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. नारायणभट्टांचे नातू कमलाकरभट्ट, ज्यांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ रचला. आज त्रिपुरी, उद्या प्रतिपदा, हा निर्णय ज्या परंपरेने आपल्या पंचांगात येतो ती परंपरा या तीरावर ग्रंथबद्ध झाली. आणि नारायणभट्टांचे पणतू गागाभट्ट, ज्यांनी १६७४ साली रायगडावर शिवछत्रपतींस राज्याभिषेक केला.

परंतु आम्हांस येथे आणणारे नाव निराळे. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावर पैठणला एकनाथांची मराठी टीका सुरू झाली. संस्कृत ज्ञान प्राकृतात उतरविल्याचे वृत्त काशीस पोचले, तेथील महंत संतापले आणि नाथांना बोलावणे आले, असे परंपरा सांगते. नाथ गेले, आणि उरलेला ग्रंथ त्यांनी काशीतच पूर्ण केला. एकतीस अध्याय, अठरा हजारांवर ओव्या. शेवटी नाथांनी स्थळकाळ लिहून ठेवला आहे : वाराणसी, शके १४९५, म्हणजे इसवी सन १५७३, कार्तिक शुद्ध पौर्णिमा. वाचकहो, आजचीच तिथी! ज्या विद्वानांनी ग्रंथाचा निषेध मांडला होता, त्यांनीच पुढे त्याची मिरवणूक काढली, अशी कथा आहे. मराठी भाषेचा असा सन्मान काशीच्या तीरी झाला, आणि आपण तेथे जाऊन शालू घेऊन परततो.

दोरी

आता आकाशदीप. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पंचगंगेवर उंच वेळू उभारतात. टोकाशी कप्पी, कप्पीतून दोरी, दोरीस वेताची लहान करंडी. सायंकाळी करंडीत दिवा ठेवतात, गोत्र व नाव उच्चारतात आणि दोरी ओढतात. दिवा डुलत डुलत वर जातो. पितृपक्षात आलेले पितर परतीच्या वाटेस लागलेले असतात, त्यांना अंधारात वाट दिसावी म्हणून हा दिवा. धर्मशास्त्राने तो कार्तिकात प्रत्येक गृहस्थास सांगितला आहे. आपल्या दारचा आकाशकंदील हा त्याचाच वंशज. कागद आला, रंग आले, विजेचा दिवा आला. नाव राहिले, आणि तो कोणासाठी लावायचा ते विसरले.

एकादशीच्या सायंकाळी आम्ही घाटावर गेलो. दीपविधी करणारे उपाध्याय वृद्ध होते. त्यांनी विचारले, ‘कोणाच्या नावाने?’ नाथांचे नाव घ्यावे, असे आम्ही घरून ठरवून निघालो होतो. तोंडून निघाले ते वडिलांचे नाव. गोत्र सांगितले, आजोबा-पणजोबांची नावे सांगितली. उपाध्यायांनी दोरी आमच्या हाती दिली. गुडघे धड नाहीत, पायरी ओली, सौभाग्यवतीने दंड धरला आणि आम्ही दोरी ओढली. दिवा दोनदा अडखळला, मग सरळ वर गेला. तो वर पोचेपर्यंत फार तर एक मिनिट गेले असेल. चोवीस वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या मिनिटात दिले गेले, असे आम्ही समजतो. ऐकणारा ऐकता झाला की नाही, ते माधव जाणे.

पौर्णिमेस अहिल्याबाईंनी बांधविलेला दगडी दीपस्तंभ, ज्यास तेथे ‘हजारा’ म्हणतात, पेटला. त्याला हजार दिव्यांची घरे आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यास याच पंचगंगेवरून देवदीपावलीचा उत्सव नव्याने वाढू लागला, आणि आज त्या रात्री असीपासून राजघाटापर्यंत सर्व घाटांवर लक्षावधी पणत्या लागतात. समोरून पूर्ण चंद्र आला, चंद्रकांत शिळेची कथा आठवली. गर्दी अशी की पायरीवर पाय ठेवण्यास जागा नव्हती. एकतिसाव्या अध्यायाचे पारायण त्या रात्री होणे शक्य नाही, हे आम्ही जाणून होतो. म्हणून ते पहाटेच, चार माणसांत, टाळाच्या हळू नादावर उरकून घेतले होते.

आम्ही काय चुकलो

एक गोष्ट सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. त्या पौर्णिमेच्या सायंकाळी नावेत बसताना आम्ही फुले व दिवा ठेवलेले पाच द्रोण विकत घेतले. वरून पान, खाली थर्माकोल. अंधारात ते लक्षात आले नाही, की लक्ष दिले नाही, कोण जाणे. चार सोडले. पाचवा हाती घेतला तेव्हा नावाडी म्हणाला, ‘महाराज, दिवा विझतो, हे मात्र विझत नाही. सकाळी आम्हीच वेचतो.’ जन्मभर कीर्तनातून आम्ही लोकांस शुचिर्भूततेचे पाठ दिले. त्या रात्री आम्हांस पाठ मिळाला. पाचवा दिवा आम्ही उचलून नावेच्या फळीवर ठेवला. तो तेथेही तितकाच छान जळत होता.

१९८६ साली गंगा कार्ययोजनेचा आरंभ याच नगरीच्या घाटावर झाला. योजना आल्या, मैलाशुद्धीचे कारखाने आले, घाट पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले हे खरे. नगराच्या गटारांचा भार कारखान्यांनी वाहावा, पण आपल्या ओंजळीतून जे पाण्यात पडते त्याचा भार कोण वाहणार? तीर्थ या शब्दाचा धातू ‘तरून जाणे’ असा आहे. तरून जाण्याच्या जागी टाकून येण्याची सवय आपल्याला कधी लागली? पंचगंगेचा आकाशदीप आम्हांस म्हणूनच श्रेष्ठ वाटतो. तो वर चढतो, पाण्यात पडत नाही, आणि सकाळी उतरवून पुन्हा लावता येतो.

जाणाऱ्यांसाठी

चार व्यवहाराच्या गोष्टी. काशीत किमान चार रात्री राहावे. आकाशदीप पाहण्यास पौर्णिमेच्या गर्दीची वाट पाहू नये. आश्विन पौर्णिमेनंतरच्या कोणत्याही सायंकाळी पंचगंगेवर जावे. वृद्धांस घेऊन पौर्णिमेस घाटावर उतरू नये. नाव आधी ठरवावी व उजेडी बसावे. घाटावरच्या कोणाशीही विधीची दक्षिणा आधी बोलून घ्यावी, म्हणजे मागून मन कडू होत नाही. स्नानात साबण नको, पाण्यात वस्त्र, निर्माल्य, तसबिरी नकोत. दिवा सोडावयाचाच तर नुसत्या पानाच्या द्रोणात, एकच. शक्य तर उत्तरेस आदिकेशव घाटापर्यंत, वरणेच्या संगमापर्यंत जावे. राजघाटाच्या पुलापाशी नमो घाट हा नवा प्रशस्त घाट झाला आहे. तेथून पुढे गर्दी विरळ होते आणि गंगा ऐकू येते.

ज्यांस काशी घडणार नाही त्यांनी खंत करू नये. गोदा, कृष्णा, भीमा आपल्या दाराशी आहेत. आज आकाशदीपाची शेवटची रात्र. दारचा कंदील उतरण्याआधी घरातील लहान मुलाच्या हाती त्याची दोरी द्यावी, आणि घरातून गेलेल्या वडीलधाऱ्यांची नावे त्यास एकदा मोठ्याने म्हणावयास लावावी. पुढे कधी त्याने विचारले की हा दिवा कोणासाठी, तर त्याच्यापाशी उत्तर असावे. आमच्यापाशी ते उशिरा आले.